इंग्लंडच्या जुन्या नोंदींत पूर्वज सापडतच नाही? बिघाड बहुधा सूचीत असतो

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: "सगळीकडे शोधलं, हा माणूस नाहीच." माझ्या सासऱ्यांनीही मला हेच सांगितलं होतं. ते इंग्रज, मी नाशिकची. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात त्यांनी जेवणाच्या टेबलावर कागदांची पिशवी पालथी केली आणि म्हणाले, आमचे हॉकिन्स १८८१ च्या आधी सापडतच नाहीत. मला वाटलं, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे असते तशी वही इथेही असेल. गाव नि आडनाव सांगायचं, ते पानं उलटणार आणि पिढ्या वाचून दाखवणार.

तशी वही इथे नाही. जन्म सरकारी नोंदणीत, बाप्तिस्मा चर्चच्या वहीत, घरातली माणसं जनगणनेत, मृत्युपत्र आणखी तिसरीकडे. या सगळ्यांपर्यंत आपण पोचतो ते कुणीतरी तयार केलेल्या सूचीमधून. शेतमजुरानं तोंडानं नाव सांगितलं, कारकुनानं ऐकू आलं तसं लिहिलं, दुसऱ्यानं त्याची नक्कल केली आणि दीडशे वर्षांनी तिसऱ्यानं ते अक्षर लावून कॉम्प्युटरवर चढवलं. एवढ्या हातांमधून गेलेलं नाव आपण अचूक स्पेलिंग टाकून शोधतो आणि मग म्हणतो, माणूसच नाही. गेल्या काही वर्षांत हीच अडचण घेऊन बरेच जण माझ्याकडे आले. खालचे उपाय साधारण ज्या क्रमानं मी करून बघते त्याच क्रमानं दिले आहेत.

नोंद असायला हवी होती का?

हे आधी बघा, कारण इथे फारसा वेळ जात नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी, ती १८५५ पासून. तेव्हा १८३५ चा जन्म सरकारी सूचीत शोधणं म्हणजे आधार कार्डात आजोबांचे आजोबा शोधण्यासारखं. १८३७ नंतरही १८७५ पर्यंत जन्म नोंदवला जावा ही जबाबदारी प्रामुख्यानं निबंधकाची होती. आईबापांवर ती कायद्यानं नीट आली १८७४ च्या कायद्यानं. त्यामुळे त्याआधीची काही मुलं सूचीत खरोखरच नाहीत, ती बाप्तिस्म्याच्या वहीत शोधायची.

नावानिशी जनगणना सर्रास मिळते ती १८४१ पासून, दर दहा वर्षांनी. १९३१ ची आगीत जळाली आणि १९४१ ला युद्धामुळे झालीच नाही. ती पोकळी २९ सप्टेंबर १९३९ च्या नोंदवहीनं थोडीफार भरून निघते. ही वही पुढे आरोग्यसेवेनं वापरली, त्यामुळे त्यात बऱ्याच बायकांची नंतरच्या लग्नाची आडनावंही वर लिहिलेली असतात. मधले तुकडेही हरवलेत. १८५१ ची मँचेस्टरची बरीच पानं पाण्यानं खराब झाली, १८६१ मधला लंडनच्या बेल्ग्रेव्हियाचा भाग नाही. पहिल्या महायुद्धातल्या साध्या सैनिकांच्या सेवा-फायलींपैकी निम्म्याहून जास्त १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या. आपलं घर अशा भोकात पडलंय का हे आधी बघितलं तर चार रविवार वाचतात.

आडनाव काढून टाका

सगळ्यात जास्त वेळा चालणारी युक्ती हीच, आणि लोकांना सगळ्यात जड जाणारीही हीच.

इंग्लंडच्या बऱ्याच भागांत सामान्य माणसं शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गिळतात. हॉकिन्सचं 'ऑकिन्स' होतं. आणि कारकून शहाणा असला की तो उलट जिथे नाही तिथेही 'ह' घालतो, मग ईटनचं हीटन होतं. म्हणजे सूचीत पहिलं अक्षरच बदललेलं असतं, आणि पहिलं अक्षर चुकलं की सगळं चुकलं. मोडी वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल: मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, संदर्भावरून लावायचं. इथेही स्पेलिंग सोडायचं आणि आवाज धरायचा. लिहिता न येणाऱ्या माणसाला स्वतःच्या आडनावाचं 'बरोबर' स्पेलिंग नसतंच. लग्नाच्या वहीत त्यानं फुली मारलेली असते.

तर पहिल्या अक्षराच्या जागी तारांकन (*) टाका, म्हणजे तिथे कुठलंही अक्षर चालतं, मधले स्वरही तारांकनानं गाळा. काही साइटना किमान तीन खरी अक्षरं लागतात, तेवढी ठेवा. तरीही नाही मिळालं तर आडनावाची चौकट सरळ रिकामी ठेवून नाव, अंदाजे जन्मवर्ष आणि जन्मगाव एवढंच टाका. घरात एखादं अनवट नाव असेल, केझाया किंवा ओबदाया असं बायबलमधलं, तर त्या मुलालाच शोधा. त्याच्यामागोमाग आईबाप येतात. आमचे हॉकिन्स १८७१ मध्ये असेच निघाले: सूचीत 'हाव्हिन्स' आणि घरात एकटी केझाया मात्र अगदी बरोबर.

जुन्या अक्षरात शब्दाच्या मधला लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो, आणि दोन 'एस' जोडून आले की पुष्कळदा 'पी' वाचला जातो. 'एल', 'एस' आणि 'टी' ही मोठी अक्षरं एकमेकांची जागा घेतात. पहिल्या नावांचे संक्षेपही ध्यानात ठेवा: 'जेएनओ' म्हणजे जॉन, जोनाथन नव्हे, आणि 'जेएएस' म्हणजे जेम्स. लाडाची नावं तर आपल्यासारखीच. मेरीची पॉली, मार्गारेटची पेगी, साराची सॅली, अ‍ॅनची नॅन्सी. एकीला जनगणनेत नॅन्सी आणि दफनाच्या वहीत अ‍ॅन लिहिलेलं असतं आणि शोधणारा दोन बहिणी समजून बसतो.

आणखी एक, जन्म-मृत्यूच्या बाबतीत. फ्रीबीएमडी ही स्वयंसेवकांची साइट जुन्या छापील-हस्तलिखित तिमाही सूचींवरून केलेली आहे. सरकारी जनरल रजिस्टर ऑफिसची ऑनलाइन सूची मात्र मूळ नोंदींवरून वेगळी, नव्यानं केली. त्यामुळे एकीतली चूक दुसरीत बहुतेक वेळा नसते. शिवाय सरकारी सूचीत जन्माच्या नोंदीला आईचं माहेरचं आडनाव १८३७ पासून मिळतं, छापील सूचीत ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच यायला लागलं. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे लोक नाहक दाखले विकत घेत बसतात. सरकारी सूचीची खोड अशी की ती दोन वर्षं मागे-पुढे एवढंच शोधते आणि स्त्री-पुरुष निवडायला लावते. सलग शोधायचं तर पाच-पाच वर्षांचे टप्पे करून पुढे सरकायचं. विवाह तिथे नाहीत, ते फ्रीबीएमडीवर. तिथे पानाच्या क्रमांकावर टिचकी मारली की त्याच पानावरची बाकी नावं दिसतात. १९१२ पूर्वीच्या लग्नात जोडीदार हुडकायचा तो असाच.

काउंटीची चाळणी

सासऱ्यांचा खरा घोळ इथे होता. घरात सांगितलं जायचं की मूळ गाव मिडल्टन चेनी, नॉर्थॅम्प्टनशर. म्हणून ते प्रत्येक शोधात काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) नॉर्थॅम्प्टनशर ठेवायचे. गाव खरोखरच त्या काउंटीत आहे. पण नोंदणी जिल्हा बॅनबरी, आणि बॅनबरी ऑक्सफर्डशरमध्ये.

असं का झालं? १८३४ च्या गरीब-मदत कायद्यानं आसपासच्या पॅरिश (एकेका चर्चच्या हद्दीतला गावभाग) एकत्र करून 'युनियन' बांधले, बहुधा एखाद्या बाजाराच्या गावाभोवती. तिथे माणसं आठवड्याच्या बाजाराला जायची, काउंटीची सीमा कुणी पाहत नव्हतं. तीन वर्षांनी जन्म-मृत्यूची नोंदणी सुरू झाली ती याच युनियनांच्या आधारानं. बॅनबरीचा जिल्हा ऑक्सफर्डशर, नॉर्थॅम्प्टनशर आणि वॉरिकशर अशा तीन काउंट्यांत पसरला. कोल्हापूर जिल्ह्यातला माणूस बाजाराला निपाणीला जातो, पण त्याचा सातबारा काही निपाणीत नसतो. इथे मात्र नोंद बाजाराच्या गावात.

सूचीत जिल्ह्याचं नाव पुसट असेल तर शेजारचा खंड-क्रमांक बघा. १८५२ पासून हे क्रमांक प्रदेशवार आहेत: बॅनबरी '३ए' मध्ये, नॉर्थॅम्प्टनशरचे बाकीचे जिल्हे '३बी' मध्ये. सासऱ्यांनी तो '३ए' पाहून "हे आपले नव्हेत" म्हणत दोन नोंदी बाजूला ठेवल्या होत्या. त्या दोन्ही त्यांच्याच निघाल्या.

म्हणून काउंटीची चाळणी काढा, आणि गावाची पॅरिश कोणती, नोंदणी जिल्हा कोणता, शेजारच्या पॅरिश कोणत्या हे आधी नकाशावर बघा. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटचा १८५१ च्या हद्दींचा इंग्लंडचा नकाशा यासाठी फुकट आहे आणि मला विकतच्या कित्येक गोष्टींपेक्षा उपयोगी वाटतो. माणसाचं जन्मगावही दर जनगणनेत बदलतं. लंडनला गेलेला माणूस 'बॅनबरी' सांगतो, कारण तिथल्या कारकुनाला मिडल्टन चेनी कुठून ठाऊक असणार? आपण नाही का मुंबईत 'नाशिक' सांगत, गाव सिन्नरच्या पलीकडचं असलं तरी.

वय नि तारखा

१८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणायला सांगितलं होतं. चौतीस वर्षांची बाई तिथे तीस होते. सगळ्या कारकुनांनी ते पाळलं असंही नाही. म्हणून या एका जनगणनेत जन्मवर्षाला पाच वर्षांची सूट द्या. यात नातंही लिहिलेलं नसतं, आणि जन्मस्थळाबद्दल एवढंच की याच काउंटीत जन्म झाला का, हो की नाही.

जन्मनोंदणीला बेचाळीस दिवसांची मुदत होती. नोव्हेंबर-डिसेंबरचा जन्म पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत निघणं अगदी नेहमीचं. मुदत टळली की दंड नको म्हणून जन्मतारीखच पुढे ढकलणारे आईबापही होते. तेव्हा दाखल्यावरची तारीख बाप्तिस्म्याच्या नंतरची दिसली तर घाबरू नका.

१७५२ पूर्वीच्या चर्चच्या वह्यांत मात्र सगळेच एकदा तरी गोत्यात येतात. तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणजे मे १७२० मध्ये लग्न झालेल्या जोडप्याचं मूल 'जानेवारी १७२०' ला बाप्तिस्मा घेतं तेव्हा ते लग्नाआधीचं नसतं, आठ महिन्यांनंतरचं असतं. चैत्र पाडव्याला आणि दिवाळी पाडव्याला वेगवेगळी वर्षं सुरू करणाऱ्या आपल्या लोकांना हे समजायला अवघड जाऊ नये. वहीत असेल ते वर्ष तसंच टिपा, पुढे तिरकी रेघ देऊन आजच्या हिशेबाचं वर्ष लिहा: १७२०/२१.

लग्न सापडत नसेल तर पहिल्या मुलाच्या जन्मानंतरची वर्षंही शोधा. ही सूचना सासऱ्यांना आवडली नव्हती. मूल लग्नाआधीचं असेल तर ते बहुधा आईच्या आडनावाखाली असतं, आणि सरकारी सूचीत आईच्या माहेरच्या नावाची जागा कोरी असते. अशा मुलाचं मधलं नाव एखादं आडनाव वाटावं असं असेल तर ते लिहून ठेवा, बापाचा माग पुष्कळदा तिथेच असतो.

लग्न १७५४ ते १८३७ मधलं असेल तर ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत, चर्चच्याच वहीत बघा, घर मेथडिस्टसारख्या दुसऱ्या पंथाचं असलं तरी. त्या काळात कायदेशीर लग्न तिथेच व्हायचं, सवलत फक्त क्वेकर आणि ज्यू लोकांना. मुलांचे बाप्तिस्मे मात्र चॅपलमध्ये, म्हणजे त्या पंथाच्या प्रार्थनाघरात, असू शकतात. त्या वह्यांपैकी पुष्कळ आज क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, 'आरजी ४' या गठ्ठ्यात. मुलं पॅरिशच्या वहीत नाहीत म्हणून मेली असं धरू नका.

कर्बी की किर्की

आता जे मला जमलं आणि सासऱ्यांना जमलं नसतं ते सांगते. नवऱ्याच्या खापरपणजीचं जन्मगाव सूचीत 'कर्बी' असं लिहिलं होतं. इंग्लंडमध्ये कर्बी नावाची गावं ढीगभर आहेत. घरातल्या एका चुलत सासूबाईंनी त्या एकेका कर्बीच्या बाप्तिस्म्याच्या वह्या तपासण्यात दोन हिवाळे घातले होते.

मी १९०१ च्या जनगणनेचं मूळ चित्र उघडलं. तो 'बी' नव्हता, 'के' होता, आणि पुढे दोन 'ई'. किर्की. म्हणजे आपली खडकी. शेजारच्या रकान्यात काहीतरी 'इंडी' असं तुटक होतं, ते टंकणाऱ्यानं सोडून दिलं होतं. १८९१ मध्ये तीच बाई 'बॉम्बे' सांगते आणि १८८१ मध्ये नुसतं 'ईस्ट इंडीज'. सासऱ्यांनी १८८१ ची ती नोंद वेगळ्या बाईची म्हणून फेकली होती, कारण "आमच्यात हिंदुस्थानात कुणी नव्हतं". बाप तोफखान्यात होता.

हिंदुस्थानात जन्मलेला माणूस इंग्लंडच्या जन्मसूचीत नसतो. त्यासाठी ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या नोंदी बघायच्या. हिंदुस्थानातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला दरवर्षी लंडनला जायच्या: बंगालच्या 'एन १', मद्रासच्या 'एन २' आणि मुंबई इलाख्याच्या 'एन ३'. त्या फाइंडमायपास्ट या साइटवर आहेत, आणि ब्रिटिश इंडियातल्या कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या फिबिस या संस्थेची सूची फुकट शोधता येते. सैनिकांच्या पलटणींच्या वेगळ्या नोंदी जनरल रजिस्टर ऑफिसकडे आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा हुद्दा असतो, तिथून पलटण, पलटणीवरून बदल्या.

आणि जागांची नावं! टान्ना म्हणजे ठाणे, अहमदनगर 'नग्गर', साताऱ्याला दोन 'टी'. इंग्लंडमधल्या टंकणाऱ्यानं ती लावताना काय काय केलंय ते बघण्यासारखं आहे. हे वाचणाऱ्या मराठी माणसांना इथे मोठाच फायदा आहे. एखाद्या इंग्रज शेजाऱ्यानं "आमची पणजी कुठली ते कळत नाही" म्हटलं, तर त्याला मूळ चित्र दाखवायला सांगा.

सापडला, पण भलताच

उलटा बिघाड जास्त वाईट, कारण तो कळत नाही. एका पॅरिशमध्ये एकाच दशकात विल्यम हॉकिन्स नावाची तीन मुलं असू शकतात, चुलतभाऊ-चुलतभाऊ, सगळ्यांना आजोबांचं नाव. बहुतेक लोक वय जुळलं की पहिला उचलतात, तो ऑनलाइन वंशवृक्षावर चढतो, तिथून चाळीस जण उतरवून घेतात, आणि मग चाळीस वृक्ष म्हणतात म्हणून ते खरं ठरतं. दुसऱ्याच्या वृक्षात मूळ नोंदीचं चित्र जोडलेलं नसेल तर मी तो वृक्ष बंद करते.

माझी कसोटी जरा क्रूर आहे: आधी त्या बाळाला मारून बघा. म्हणजे बाप्तिस्मा सापडला की पुढच्या दहा वर्षांत त्याच पॅरिशमध्ये त्याच नावाचं दफन आहे का ते तपासा. असेल तर तो आपला माणूस नव्हे, कारण मेलेलं मूल शेतावर मजुरीला जात नाही. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची पद्धत होती, त्यामुळे एकाच आईबापांचे दोन विल्यम दिसले तर पहिला बहुधा गेलेला असतो. १८१३ पासून दफनाच्या छापील वहीत वयाचा रकाना आहे, तिथून हे काम सोपं होतं.

नात्यांचे शब्दही फसवतात. जुन्या कागदांत 'सन-इन-लॉ' म्हणजे पुष्कळदा सावत्र मुलगा, जावई नव्हे. घरात आठ वर्षांचा 'सन-इन-लॉ' दिसला तर आईचं आधीचं लग्न शोधा. 'सीनियर' आणि 'जूनियर' म्हणजे बापलेकच असं नाही, गावातले एकाच नावाचे थोरला आणि धाकटा, एवढंच. लग्नाच्या वहीत बापाचं नाव नवरा-नवरीनं सांगितलेलं असतं, ते कुणी तपासत नसे. अनौरस मुलांनी तिथे आजोबांचं किंवा सरळ काल्पनिक नाव दिलेलं सापडतं. आणि आईच्या नावाला तर त्या वहीत रकानाच नव्हता, तो आला मे २०२१ मध्ये.

एवढं करूनही अडलं तर

दाखल्याच्या तीन प्रती असू शकतात, एकच नव्हे. मूळ वही स्थानिक नोंदणी कार्यालयात, आणि दर तिमाहीला तिची नक्कल जनरल रजिस्टर ऑफिसकडे. लग्नाची आणखी एक मूळ प्रत चर्चकडे असते. नक्कल करताना ओळ गळाली असेल तर स्थानिक कार्यालयाला विचारा. पण तिथे सरकारी सूचीतला खंड-पान क्रमांक देऊ नका, त्यांची रचना वेगळी आहे. नाव, अंदाजे वर्ष, पॅरिश आणि आईबापांची नावं द्या. मी पहिल्या वेळी क्रमांक पाठवला आणि तीन आठवड्यांनी "अशी नोंद नाही" असं उत्तर आलं. दुसऱ्यांदा नावानं विचारलं तेव्हा नोंद मिळाली.

चर्चच्या वहीतलं पान फाटलं असेल तर बिशपकडे गेलेली वार्षिक नक्कल मागा. १५९८ पासून ती पाठवायचा नियम होता, आणि काही पॅरिशची मूळ वही गेली तरी नक्कल काउंटीच्या अभिलेखागारात टिकली आहे. एका हॉकिन्सचं लग्न आम्हाला तिथेच मिळालं.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण तेवढं कराच. काय सापडलं नाही त्याची वही ठेवा: कुठली साइट, कुठलं स्पेलिंग, कुठली वर्षं, कुठली पॅरिश, कोणत्या तारखेला. सूची सतत दुरुस्त होतात आणि नवी पानं चढतात, म्हणून वर्षभरानं तीच यादी परत चालवायची. आमच्या वहीत सध्या सतरा ओळी उघड्या आहेत. त्यातली पहिली तोफखान्यातल्या त्या बापाचीच. हिंदुस्थानातून परतल्यावर तो १८६१ मध्ये कुठे होता ते अजून कळलेलं नाही, आणि 'ऑकिन्स'सकट सगळी स्पेलिंगं संपली आहेत. आता मी त्याला आडनावाशिवाय, फक्त 'पेन्शनर' या धंद्यावर शोधते आहे.